सत्त्याण्णव गुण, दुसरा नंबर

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आत्ता माझी ओळख सॉफ्टवेअर इंजिनिअर अशी करून दिली. मला मात्र 'माझा छंद' यावर बोलायला सांगितलंय, आणि तो ऐकून कारखाना कॉलनीतल्या माझ्या मैत्रिणी अजून हसतात. मी इंग्लंडच्या फुटबॉलची चाहती आहे. त्यातही लिव्हरपूलची. आपल्या शाळेत खो-खो, कबड्डी भरपूर झाली. फुटबॉल होता एकच, तोही हवा गेलेला, त्यामुळे हे वेड पुण्यात इंजिनिअरिंगला गेल्यावरचं.

त्यातला एक प्रकार म्हणजे फँटसी फुटबॉल. खेळाडू खरे, सामने खरे, संघ मात्र आपण कागदावर जमवलेला. दहा कोटी पौंड खोटे पैसे मिळतात, त्यात पंधरा खेळाडू घ्यायचे, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन. ते खेळाडू मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. एकाला कप्तान करायचं, त्याचे गुण दुप्पट. असं ३८ आठवडे, आणि फुकट. बुद्धिबळाचा तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन डिसेंबर २०१९ मध्ये लाखो स्पर्धकांत काही काळ पहिला होता, म्हणजे हा अगदीच रिकामटेकड्यांचा उद्योग नाही, असं मी घरी सांगत असते. घरचे ऐकून घेतात.

२०१८-१९ च्या हंगामात ऑफिसच्या लीगमध्ये आम्ही बावीस जण होतो आणि शेवटच्या दिवशी मी चौदा गुणांनी पहिली होते. रविवार, १२ मे २०१९. टीव्हीवर आयपीएलची फायनल, म्हणून मी फोन घेऊन स्वयंपाकघरात. माझा कप्तान मोहम्मद सलाह. तोवर त्याचे २२ गोल, लीगमध्ये सर्वांत जास्त, आणि सामना घरच्या मैदानावर. माझ्या मागचा मुलगा नुकताच नोकरीला लागलेला. त्याने सादियो मानेला कप्तान केलं आणि आर्सेनलच्या ओबामेयांगला संघात घेतलं. त्या दोघांचे वीस-वीस गोल होते. मानेने दोन मारले. ओबामेयांगने दोन मारले. सलाहने एकही नाही. तिघे २२ वर बरोबरीत आले, गोल्डन बूट तिघांत वाटला गेला आणि माझी आघाडी साडेनऊच्या आत साफ झाली.

त्याच संध्याकाळी लिव्हरपूल सामना जिंकूनही लीग हरलं. मँचेस्टर सिटी ९८, लिव्हरपूल ९७. अख्ख्या हंगामात ३८ सामन्यांत एकच पराभव, तोही सिटीकडूनच, आणि त्या सामन्यात लिव्हरपूलचा एक चेंडू गोलरेषा पूर्ण ओलांडायला जेमतेम सेंटीमीटरभर कमी पडलेला. सत्त्याण्णव मिळवून दुसरी येणारी आपल्या वर्गातही एक होती. ती समोरच बसलीय, तिला विचारा कसं वाटतं. रात्री मुंबई इंडियन्स एका धावेने जिंकले, बाहेर फटाके वाजले, आणि मी भांडी घासत होते.

नंतर मी माझी वही काढली. दर आठवड्याला कप्तान कोण आणि का, हे सामन्याआधी लिहून ठेवायची मला सवय होती. आपले गणिताचे सर आठवतात ना? उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर पाचपैकी तीन द्यायचे, आणि नुसतं उत्तर बरोबर असेल तर "शेजाऱ्याचं पाहिलंस का?" विचारायचे. त्या रीतीने मी ३८ आठवडे तपासले. शेवटच्या दिवशीची रीत बरोबर होती, उत्तर गेलं. आणि मी ज्यांवर खूश झाले होते त्यांतले काही आठवडे निव्वळ दैवाचे निघाले. सलाह चांगला की माने, हे एका संध्याकाळी ठरत नाही. लिव्हरपूलने पुढच्या वर्षी जवळजवळ तोच संघ, तोच खेळ ठेवला आणि ९९ गुणांनी लीग जिंकली. मी त्या वर्षी तिसरी आले.

हे आज इथे सांगायला कारण आहे. माझ्या नात्यातला एक मुलगा, सोमेश्वरनगरहून एसटीने बारामतीला कॉलेजला जायचा. तो पैसे लावून फँटसी खेळायचा, क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही. मागल्याच्या मागल्या दिवाळीत आम्ही दोघं त्याच्या फोनमधले व्यवहार बेरीज करत बसलो. एकोणपन्नास, नव्व्याण्णव, पुन्हा एकोणपन्नास. दोन वर्षांत साठ हजारांवर गेले होते. तीन वेळा जिंकलेला, त्या तिन्ही तारखा त्याला तोंडपाठ. हरलेल्यांबद्दल एकच वाक्य: "थोडक्यात गेलं, आत्या."

या खेळांना कौशल्य लागतं, असं मुंबई उच्च न्यायालयानेही एप्रिल २०१९ मध्ये म्हटलं होतं. लागतंच. पण ते दिसायला ३८ आठवडे लागतात. एका सामन्यात लाखो संघ उतरले की पहिला नंबर कौशल्याचा की दैवाचा, हे खुद्द जिंकणाऱ्यालाही कळत नाही, आणि हरणाऱ्याला दर वेळी थोडक्यातच गेल्यासारखं वाटतं. मग तो शिकणार काय? आडसाली ऊस लावून दीड वर्ष तोडीची वाट पाहणाऱ्या घरातली ही पोरं, आणि निकाल मात्र रात्री अकराला हवा!

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. मी त्याला फोन केला, म्हटलं, सुटलास. तो म्हणाला, "आत्या, कायद्याने बंद झालं. मला कळून नाही झालं." त्या वाक्याचा मला अजून घोर आहे. उद्या दुसऱ्या नावाने काही आलं तर? तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं त्याच वयाची आहेत.

सध्या तो माझ्या फुकटच्या लीगमध्ये आहे. वही घालायला आढेवेढे घेत होता, आता घालतो. परवा कप्तानाचं कारण लिहिलंय, "मनात आलं म्हणून." निदान खरं लिहिलंय.

आपल्या बॅचचीही लीग मी उघडलीय, कोड ग्रुपवर टाकते. पोरांना घ्या, फुटबॉल येत नसला तरी चालेल. पैसे नाहीत. पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी संघ लावायचा आणि कप्तान का, ते एका ओळीत लिहायचं. वह्या तपासायचं सरांनी कबूल केलंय. रीतीला किती गुण देणार, ते मात्र अजून सांगितलेलं नाही.