नखे काय सांगतात?
(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर आहे. रुळाला तडा गेला तर आम्ही तुकडा बदलतोच, पण कारणही शोधतो. नखांकडेही तसेच पाहावे, एवढेच सांगायचे आहे.

गजानन महाराजांमुळे शेगाव आपल्या सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड अशा गावांत लोकांचे केस झपाट्याने गळून टक्कल पडू लागले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांपैकी काहींची नखे ठिसूळ होऊन गळू लागली. नखे एवढ्या उशिरा का? हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. त्यामुळे मुळाशी झालेली इजा दिसायला काही महिने जातात.

आयसीएमआरच्या पथकाने नमुने नेले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम वाढलेले आढळले. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी पंजाब-हरियाणाकडून आलेल्या रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागातील काही जमिनींत मुळातच सेलेनियम जास्त आहे. हे द्रव्य शरीराला लागते, पण प्रौढाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅमच. रोज ४०० च्या वर गेले की केस-नखांवर परिणाम होऊ लागतो. म्हणून नखे तुटतात म्हणून मनाने 'ताकदीच्या' गोळ्या घेऊ नयेत.

घाबरायचे कारण नाही. बहुतेक वेळा नखे सतत पाणी, साबण आणि नेलपॉलिश रिमूव्हरमुळे तुटतात. दिल्लीच्या कोरड्या थंडीत त्रास वाढतो. भांडी घासताना रबरी हातमोजे आणि रात्री खोबरेल तेल, एवढ्याने बराच फरक पडतो. पण नखे चमच्यासारखी खोलगट झाली, जिना चढताना दम लागू लागला, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासा. थंडी सोसत नसेल, वजन वाढत असेल, तर थायरॉईड तपासा. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा, कारण त्यांमुळे थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सणासुदीला सर्वांना वाढून शेवटी जेवायला बसणाऱ्या आई, वहिनी, ताई यांतच आहेत. त्या स्वतःहून तक्रार करणार नाहीत. तेव्हा आज घरी गेल्यावर त्यांचे हात हातात घेऊन नीट पाहा, आणि गरज वाटली तर तपासणीला सोबत जा.

गणपती बाप्पा मोरया!