दारूचें माप आणि नेमबाजाचा नेम

बंदुकीच्या दारूचा प्रताप साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यानें दोन्ही अंगांनीं पाहिलेला आहे. १७०० सालीं औरंगजेबाच्या फौजेनें गडाच्या तटाखालीं सुरुंग उडविले. एका स्फोटानें गडावरील लोक गाडले गेले. दुसऱ्यानें तट बाहेरच्या बाजूस कोसळून खुद्द मोगलांचेच पुष्कळ शिपाई चिरडले गेले. जोर अफाट होता. त्याचा अंदाज मात्र चुकला. नेमबाजीचें मर्महि येथेंच आहे. नेम साधतो तो दारूच्या जोरानें नव्हे, तर प्रत्येक खेपेस तो जोर एकसारखा राहिल्यानें.

पूर्वीं पाटण-शिराळ्याच्या डोंगरांत ठासणीची बंदूक बाळगणाराला हें अनुभवानें ठाऊक असे. सोरा, कोळसा व गंधक यांची काळी दारू मापानें नळींत ओतावयाची आणि बोळा व गोळी गजानें ठासावयाची. माप कमी पडलें कीं गोळी खालीं लागे, जास्त पडलें कीं वर.

पुढें काडतूस आलें आणि हें माप कारखान्याच्या हातीं गेलें. परंतु अमेरिकेंत व युरोपांत अनेक नेमबाज मोठ्या रायफलींसाठीं तें पुन्हां आपल्या हातीं घेतात. उडालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या वजनाप्रमाणें निवडून ते त्यांत ठिणगी देणारी नवी टोपी बसवितात. दारू ग्रेनच्या दशांशापर्यंत तोलतात. एक ग्रेन म्हणजे गुंजेचा सुमारें निम्मा भार. गोळीहि दर वेळीं तितक्याच खोलीवर बसवितात. हें काम धोक्याचें आहे. माप चुकल्यास रायफल नेमबाजाच्याच तोंडावर फुटूं शकते. भारतांत तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें परवान्यावांचून काडतुसें तयार करणें हा गुन्हा आहे.

शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेंत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकाविलें. त्या वाटेनें जाऊं इच्छिणाऱ्या सातारा-सांगलीच्या तरुणापुढें आणखी एक अडचण आहे. या स्पर्धेंतील ०.२२ बोअरचें काडतूस पुन्हां भरतांच येत नाहीं. त्याची ठिणगीची दारू बुडाच्या कडेंत भरलेली असते, आणि बार उडतांना ती कडच चेपली जाते.

एकसारखेपणाची गरज मात्र येथें अधिकच आहे. लक्ष्यावरील दहाचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें. सेकंदाला ३२० मीटर वेगानें निघणारी गोळी ३१० मीटरनें निघाली, तर ती सुमारें ८ मिलिमीटर खालीं लागते. म्हणजे बरोबर मध्यावर धरलेला नेमहि दहाच्या काठावर जातो. अंतिम फेरींत गुण दशांशांत मोजले जात असल्यानें १०.९ च्या ठिकाणीं जेमतेम १० पदरांत पडतात. हात चुकलेला नसतो, तरी पदक जातें.

यावर उपाय निवडीचा. कारखाना काडतुसांच्या प्रत्येक घाण्याला क्रमांक देतो. रायफल शिकंज्यांत घट्ट बसवून निरनिराळ्या क्रमांकांचीं दहा-दहा काडतुसें उडवितात, आणि ज्यांचीं छिद्रें सर्वांत जवळ पडतील तो क्रमांक घेतात. एका रायफलीला मानवलेला घाणा दुसरीला मानवेलच असें नाहीं. उत्तम काडतुसें परदेशांतून येतात व महाग पडतात. म्हणून साध्या घरांतील मुलाला पुष्कळ क्रमांक पारखून पाहणें परवडत नाहीं.

तरीहि कांहीं गोष्टी त्याच्या हातीं राहतात. सराव व स्पर्धा शक्यतों एकाच क्रमांकावर करावी. काडतुसें कुलुपांत, कोरड्या व थंड जागीं ठेवावींत. सांगलीच्या वैशाखांतील उन्हांत तापूं देऊं नयेत, कारण तापलेली दारू अधिक वेगानें जळते. प्रत्येक पेटीचे गुण वहींत टिपावे. पैशाची उणीव यानें सर्वस्वीं भरून निघत नाहीं; परंतु चूक हाताची कीं काडतुसाची, हें त्याला कळूं लागतें, आणि पुढची सुधारणा तेथूनच सुरू होते.