डबा कोणाचा?

माझ्या केबलवाल्या, टीव्ही मेकॅनिक आणि लाइनमन मित्रांनो, या मेळाव्याच्या अध्यक्षपदासाठी माझ्याहून लायक माणसं सभागृहात आहेत असं म्हणायचा प्रघात आहे, म्हणून म्हणतो. कोपर स्टेशनवर खाली मेन लाइन, वर वसई-दिवा लाइन, अशा दोन मजल्यांत चुकत-माकत इथवर पोचलेल्या पाहुण्यांचे आभार.

अध्यक्षाने धंद्याचा आढावा घ्यायचा असतो. उरकून टाकतो. ऐंशीच्या दशकात एका खोलीत व्हीसीआर आणि तिथून गच्ची-गच्चीवरून गेलेल्या वायरी. 1991 साली आखाती युद्ध आणि पाठोपाठ स्टार, 1992 साली झी. 1995 साली केबलचा कायदा आला आणि नोंदणी पोस्टाच्या हेड ऑफिसात करायची असं ठरलं. हे आजच्या पोरांना सांगितलं तर ती हसतात. मग लोडशेडिंगची वर्षं. घरात वीज आहे, पण मागच्या गल्लीतला ॲम्प्लिफायर अंधारात, म्हणून पडद्यावर मुंग्या, आणि शिव्या मात्र लाइनमनला. 2003 साली चेन्नईत आणि 2007 साली दक्षिण मुंबईत 'कॅस' आलं, म्हणजे पैशाची चॅनेलं सेट टॉप बॉक्समधूनच बघायची पद्धत; आपल्याकडे त्याची फक्त बातमी आली. 2011 साली कायदा दुरुस्त झाला आणि साधी, बिनडब्याची केबल बंद करायच्या तारखा पडल्या. मुंबईची 30 जून 2012 होती, ती 31 ऑक्टोबरवर गेली. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीची 31 मार्च 2013. आढावा इथेच थांबवतो, कारण माझं घोडं या तारखेपाशी अडलं आहे आणि ते पुढे जावं असं मलाही वाटत नाही.

आठवून बघा तो मार्च. 28 फेब्रुवारीला बजेट आलं आणि त्यात सेट टॉप बॉक्सवरची कस्टम ड्युटी पाचाची दहा टक्के झाली. बहुतेक माल बाहेरून येणारा. मुदत महिन्यावर आलेली आणि सरकारनेच डबा महाग केला. 31 मार्च रविवार, 3 एप्रिलला आयपीएल सुरू. जी माणसं दोन महिने 'बघू नंतर' म्हणत होती, ती सगळी एकदम दारात. आपल्या शेजारची 27 गावं तेव्हा कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बाहेर होती, तिथले लोक विचारायला यायचे, आमची तारीख कुठली? मी कुठल्या तोंडाने सांगणार? मी टीव्ही दुरुस्त करणारा माणूस. पण ज्याच्या हातात टेस्टर, त्याला सगळं माहीत असणार असं लोक धरून चालतात.

माझ्या दुकानात त्या दिवसांत टीव्ही बिघडून कमी आणि डोकी बिघडून जास्त यायची. एक रिमोट टीव्हीचा, एक डब्याचा. टीव्हीच्या रिमोटवर चुकून चॅनेल बदललं की एव्ही मोड जातो आणि पडदा निळा होतो. की लगेच 'डबा जळला' म्हणून फोन. एका घरात तर मुलाने आईसाठी टीव्हीच्या रिमोटवर काळी चिकटपट्टी लावली होती, फक्त लाल बटण उघडं ठेवून. तो मुलगा कुठे नोकरीला आहे माहीत नाही, पण कंपन्यांनी डब्याबरोबर दिलेल्या इंग्रजी पुस्तिकांपेक्षा त्याची चिकटपट्टी कितीतरी कामाची होती. जुन्या पोर्टेबल टीव्हींना पिवळी-लाल-पांढरी पिन लावायला जागाच नसायची, त्यांना मॉड्युलेटर शोधून आणावा लागे. काहींनी जुन्या बाजारातून छत्रीचा, म्हणजे डीटीएचचा, डबा आणून त्याला केबलची वायर लावली. आता गंमत बघा, पिन अगदी घट्ट बसते! दोन्हीकडे कनेक्टर तोच, आटे तेच. पण छत्रीवरून वायरीत उतरणारा सिग्नल 950 मेगाहर्ट्झच्या वरचा, केबलचा त्याच्या खालचा, आणि सिग्नल बांधायची रीतही निराळी. तो डबा जन्मभर शोधत बसला तरी त्याला चित्र सापडायचं नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, 'बसतंय तर चालत का नाही?'

हा सवाल मी वर्षानुवर्षं उराशी धरून बसलो आहे. कारण याच्याहून वाईट प्रकार मी पाहिला. मुलुंडहून एक कुटुंब कोपरला राहायला आलं. मुंबईत त्यांनी ऑक्टोबरमध्येच डबा घेतला होता. तो फडक्यात गुंडाळून त्यांनी सामानाबरोबर आणला. इथे केबल, तिथेही केबल. पिन तीच, सिग्नलही त्याच जातीचा. तरी डबा मुका. का? तर सिग्नल उघडणारं आतलं कुलूप दुसऱ्या कंपनीचं. इथल्या केबलवाल्याने सांगितलं, 'हा भंगारात द्या, आमचा घ्या.' एका वर्षाच्या आत त्या माणसाने दोनदा पैसे मोजले आणि पावती दोन्ही वेळा नाही.

म्हणून विचारतो, डबा कोणाचा? पैसे गिऱ्हाइकाने दिले, वीज त्याच्या मीटरवर, जागा त्याच्या शोकेसमध्ये. मग उघडायचा हक्क त्याला का नाही? विकत, हप्त्याने किंवा भाड्याने असे तिन्ही पर्याय लोकांपुढे ठेवायला हवे होते, नियम तसाच होता. आपल्या भागात किती दारांत ते ठेवले गेले? 'हजार-बाराशे काढा, परवा लाइन जाईल', एवढंच संभाषण. विकत घेतला म्हणावं तर हमी कुठे, भाड्याचा म्हणावं तर अनामतीची नोंद कुठे? सोयीप्रमाणे कधी कंपनीचा, कधी गिऱ्हाइकाचा. बंद पडला की मात्र हमखास गिऱ्हाइकाचा!

साधी केबल बंद करण्यामागचं कारण मला मान्य आहे. गल्लीतली खरी जोडणी आणि कागदावरची जोडणी यांचा मेळ बसत नव्हता. करमणूक कर बुडत होता, चॅनेलवाल्यांचे पैसे बुडत होते. डब्यामुळे प्रत्येक घर मोजता आलं. ठीक. पण मोजणी करायची होती सरकारला आणि कंपन्यांना, त्या मोजमापाचं यंत्र गिऱ्हाइकाने स्वखर्चाने घ्यायचं आणि वर ते त्याच्या मालकीचंही नाही?

माझ्या टेबलावरचा एक डबा सांगतो. लाल दिवा नुसता लुकलुकत होता. मागच्या बाजूला स्क्रू, एकावर कागदी सील. उघडलं तर कोपऱ्यात पॉवर सप्लाय आणि तिथे एका कपॅसिटरचं डोकं फुगलेलं. हजार मायक्रोफॅरड, दहा व्होल्ट. चहापेक्षा स्वस्त वस्तू. मी सोळा व्होल्टचा टाकला, खाडीच्या हवेने हिरवट पडलेली पिन घासली, डबा सुरू झाला, गिऱ्हाईक खूश. दोन दिवसांनी केबलवाल्याचा माणूस आला, त्याने तुटकं सील पाहिलं आणि वरून, कंपनीकडून, डब्याचं कार्डच बंद झालं. चांगला चालणारा डबा! नवा घ्यावा लागला. इथे बसलेल्या प्रत्येक मेकॅनिकच्या माळ्यावर असे डबे पोत्यात पडले आहेत. नाहीत म्हणणाऱ्याने हात वर करावा.

बाहेरच्या देशांची उदाहरणं दिली की काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतात, पडू द्या. अमेरिकेने 12 जून 2009 रोजी मोठ्या केंद्रांची जुनी ॲनालॉग प्रक्षेपणं बंद केली, त्याआधी मागेल त्या घराला डब्यासाठी चाळीस डॉलरची दोन कुपनं दिली. ब्रिटनने शेवटचा जुना सिग्नल 24 ऑक्टोबर 2012 रोजी बंद केला, आपल्या मुंबईच्या आधी जेमतेम आठवडाभर. तिथे पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांसाठी वेगळी योजना होती, घरी येऊन डबा जोडून तो कसा चालवायचा ते दाखवायची. ते डबे अँटेनाचे होते, केबलचे नव्हते, हे मलाही कळतं. पण दुकानातून कुठलाही आणा, तो चालायचा. आपल्याकडे ट्राय या नियामक संस्थेने एप्रिल 2020 मध्ये शिफारस केली की कुठलाही डबा कुठल्याही कंपनीवर चालला पाहिजे. माझ्या दुकानात अजून तसा एकही आलेला नाही. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. मोबाइल, गाड्या, शेतीची अवजारं, घरगुती उपकरणं, सगळ्यांची चर्चा झाली. आपल्या मेळाव्यांत त्याचं कोणी नावही काढलं नाही.

सकाळच्या सत्रात दोन वाद झाले. पहिला, केबल मेली का? मोबाइलवर सगळं दिसतं, मग आपण फायबर ओढून इंटरनेटच विकावं का? एक तासभर आकडेमोड चालली. मी एवढंच सांगतो, एक दिवस आमच्या चाळीत मालिकेच्या वेळी केबल गेली, तेव्हा माझ्या दुकानाबाहेर जी गर्दी झाली त्यातल्या प्रत्येकीच्या हातात मोबाइल होता. माझ्या मते वाद तिथे संपला. तुम्हाला वाढवायचा असेल तर जेवणानंतर वाढवा.

दुसरा वाद मला झोंबला. एक मित्र म्हणाले, 'गिऱ्हाईक अडाणी आहे, त्याला पॅक-बिक कळत नाही.' अहो, 2019 च्या फेब्रुवारीत नवे दर आले तेव्हा अडाणी कोण होतं? शंभर चॅनेलना 130 रुपये, कर धरून 153 रुपये 40 पैसे, वर पैशाची चॅनेलं वेगळी. आपलीच पोरं फॉर्म हातात घेऊन गोंधळली होती. डोंबिवली पश्चिमेला फुलं विकणाऱ्या एक मावशी तो फॉर्म घेऊन माझ्याकडे आल्या. मी सांगायला लागलो, त्यांनी मध्येच थांबवलं. म्हणाल्या, 'म्हणजे बाजारात बसायची पावती वेगळी आणि फुलांचे पैसे वेगळे.' इतक्या कमी शब्दांत हे मी अजून कुठल्याही अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. बोट ठेवून त्यांनी चार मराठी चॅनेलांवर खूण केली, नातवासाठी एक कार्टून, बस्स. आणि उठता उठता विचारलं, 'भाऊ, डब्याचे पैसे मी मागेच भरलेत. घर बदललं तर तो घेऊन जाऊ ना?' बोला. काय सांगायचं त्या बाईंना?

तर कामं. या वर्षात आपण प्रत्येक डब्याची मराठीत पावती द्यायची, विकत की भाड्याने ते त्यावर लिहायचं. पावतीचा मसुदा कोणीतरी करावा, मी बघून देईन. पडून असलेल्या डब्यांची यादी करायची, कशी ते ठरवू. सील तोडल्याशिवाय दुरुस्ती होत नाही, हे कंपन्यांना लेखी कळवायचं. एक समिती नेमू, तिच्यात लाइनमन पाहिजेत, नुसते मालक नकोत. ट्रायलाही पत्र जावं. इंग्रजी चांगलं असलेल्याने पुढे यावं.

आणि फायबर ओढणाऱ्या मित्रांनो, तुम्हालाही सोडत नाही. तुम्ही भिंतीवर जो नवा पांढरा डबा ठोकता ना, हिरवा दिवा लागणारा, त्याच्या अनामतीची पावती देता का? त्याचं आतलं कुलूप कोणाचं? दुसऱ्याची लाइन घेतली तर तो चालतो का? नाही चालत, मी लावून बघितलंय. पुन्हा तेच सुरू झालंय, आणि या वेळी 31 मार्चसारखी तारीखही नाही, म्हणून कोणी ओरडत नाही. चर्चेला वेळ ठेवला आहे असं कार्यक्रमपत्रिकेत छापलंय. पहिला प्रश्न फायबरवाल्यांनी घ्यावा आणि पावतीपुस्तक बरोबर असेल तर ते घेऊनच माइकपाशी यावं.