जगन्मोहन वाडा



म्हैसूरला आलेला प्रवासी प्रथम अंबाविलास राजवाड्याकडे वळतो, हे स्वाभाविकच आहे. मी मात्र त्याच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर असलेल्या जगन्मोहन वाड्याविषयी बोलणार आहे.

तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी तो १८६१ साली बांधविला. त्या वेळी राज्यकारभार त्यांच्या हाती नव्हता. १८३१ मध्येच इंग्रजांनी तो आपल्याकडे घेतला होता. या राजाचे मन पटावरील खेळांत रमे, आणि त्या खेळांचे पट वाड्याच्या भिंतींवर आजही दिसतात. तेथेच वडियार घराण्याचा रंगीत वंशवृक्षही आहे. औरस पुत्र नसलेल्या आणि दत्तकास मान्यता मिळावी म्हणून इंग्रजांशी झगडणाऱ्या राजाच्या घरातील या वंशवृक्षाकडे केवळ शोभेची वस्तू म्हणून मला पाहवत नाही.

१८९७ साली राजकन्येच्या विवाहप्रसंगी किल्ल्यातील जुना लाकडी राजवाडा जळाला. नवा १९१२ मध्ये पुरा झाला; तोवर राजकुटुंबाचे बिऱ्हाड येथेच होते. ८ ऑगस्ट १९०२ रोजी लॉर्ड कर्झन यांच्या उपस्थितीत चौथ्या कृष्णराजांना राज्याधिकार मिळाले, तेही येथेच.

१९१५ साली वाड्यात चित्रशाळा सुरू झाली. त्याच सुमारास मोरोक्कोतील फेज शहराच्या जुन्या वस्तीत दार बथा या सुलतानी वाड्याचेही संग्रहालय झाले. पण तेथे सत्ता फ्रेंचांकडे गेली होती, येथे मात्र राजा गादीवर होता.

या चित्रशाळेतील एका चित्रासाठी मला आपला थोडा अधिक वेळ हवा आहे. एका हाती दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योत आडोशाला धरणारी ती स्त्री आपण पाहिली असेल. बोटांच्या कडांतून झिरपणारा तांबूस प्रकाश पाहून अनेक जण ‘रविवर्मा!’ असे उद्गारतात. रविवर्म्यांची चित्रे वाड्यात आहेत, हे खरे. परंतु ते १९०६ साली निवर्तले, आणि हे चित्र १९४५-४६ मधील आहे. ते सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी रंगविले. समोर उभी होती त्यांची कन्या गीता. शिवाय हे तैलचित्र नसून जलरंगातील आहे. तैलरंगात चूक झाली तर वर दुसरा थर देता येतो; जलरंगात उजेडाची जागा आरंभापासूनच राखून ठेवावी लागते. एवढे कष्ट ज्याने केले, त्याचे नाव निदान आपल्या वाटाड्यांनी तरी बरोबर सांगावे. पुढच्या खेपेस कोणी चुकला, तर त्याला तेथेच थांबवा.