नळदुर्गच्या पुलाअलीकडे आणि पलीकडे

यादवीत सापडलेल्या देशाची बातमी आली की 'स्वयंनिर्णय' हा शब्द हमखास कानावर पडतो आणि आपल्याला तो सातासमुद्रापलीकडचा वाटतो. वास्तविक सोलापुरातून हैदराबाद रस्त्याला लागलं की तासाभरात नळदुर्ग येतं, आणि 1948 साली हा शब्द तिथे माणसांच्या जिवावर उठला होता. सोलापूर तेव्हा स्वतंत्र भारतात, नळदुर्ग हैदराबादच्या निजामाच्या मुलखात. सरहद्दीच्या अलीकडे निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांच्या छावण्या, पलीकडे निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या सशस्त्र टोळ्या, आणि मधल्या वाटांनी घरदार टाकून आलेली माणसं. मुक्तिसंग्रामाची ही कहाणी आपण शौर्यकथा म्हणून ऐकत आलो. आज तिच्याकडे एका प्रश्नासाठी पाहू: निर्णय नेमका कोणी घ्यायचा?

निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून 1947 मध्येच फर्मान काढून आपण स्वतंत्र राहणार असं जाहीर केलं. कायद्याच्या अंगाने त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. ब्रिटिशांची अधिसत्ता संपली, तेव्हा कुठे सामील व्हायचं ते संस्थानिकानेच ठरवायचं होतं. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादने आपलं गाऱ्हाणं थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे नेलं. पण संस्थानात 1 कोटी 60 लाखांच्या वर माणसं होती, तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी, आणि त्यांना कोणीच विचारलं नव्हतं. स्टेट काँग्रेस 1938 साली जन्मली तीच बंदी कपाळावर घेऊन. तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांची तुरुंगवारी तर ठरलेलीच. हा निव्वळ हिंदू-मुसलमान झगडा होता असं म्हणणाऱ्यांनी शोएबुल्ला खान यांचं नाव आठवावं. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे हे संपादक भारतात सामील व्हा असं लिहीत होते. ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला. जिथे असं लिहिणाऱ्याचा जीव जातो, तिथे राज्यकर्त्याने उच्चारलेला 'स्वयंनिर्णय' म्हणजे फक्त त्याच्या एकट्याचा निर्णय.

13 सप्टेंबरला पहाटे सोलापूरच्या बाजूने भारताची फौज निघाली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी तिचे सेनापती. बोरी नदीवरचा नळदुर्गचा पूल निजामाच्या सैन्याला उडवता येण्याआधीच हाती आला आणि हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आता कोणी म्हणेल, रणगाडे घालून घेतलेल्या निर्णयाला लोकांचा निर्णय कसं म्हणायचं? सार्वमत कुठे झालं? आक्षेप रास्त आहे. सार्वमत झालं नाही, आणि त्या पाच दिवसांना सार्वमताचा मान देता येत नाही. पण मत द्यायच्या आधी ते निर्भयपणे बोलता यावं लागतं आणि रझाकारांच्या राज्यात ते शक्य नव्हतं. शिवाय नुसत्या मतदानाने शांतता येते असंही नाही. दक्षिण सुदानने 2011 साली जवळपास 99 टक्के मतांनी वेगळं व्हायचं ठरवलं, आणि डिसेंबर 2013 मध्ये त्याच नव्या देशात यादवी पेटली. मला वाटतं, फौजेने दार उघडलं, एवढंच. निर्णय पुढे हप्त्याहप्त्याने झाला: 1952 च्या निवडणुकीत हैदराबादच्या प्रजेने पहिल्यांदा आपलं सरकार निवडलं, आणि 1956 साली हैदराबाद राज्याची भाषांनुसार वाटणी होऊन मराठवाडा मराठी मुलखाला जोडला गेला. ज्याला आपण स्वयंनिर्णय म्हणतो, त्याला इथे आठ वर्षं लागली.

त्या आठ वर्षांचा आरंभ मात्र रक्ताने झाला, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. शरणागतीनंतर सूड सुरू झाला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना मिस्री यांना पाहणीसाठी पाठवलं. त्यांच्या अंदाजाने कारवाईच्या काळात आणि नंतर किमान 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, मुख्यतः मुसलमान. सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आपला शेजारचा धाराशिव, आणि गुलबर्गा होते. काही ठिकाणी वर्दीतली माणसंही त्यात सामील होती असं अहवाल सांगतो. तो अनेक दशकं सरकारी दप्तरात पडून राहिला.

यावर लगेच ऐकू येतं, की जुन्या जखमा कशाला उकरता, रझाकारांनी काय केलं ते विसरलात का? विसरायचं कारणच नाही. जाळलेली गावं खरी, मारलेली माणसं खरी. पण एकाची मढी दुसऱ्याच्या मढ्यांतून वजा करून हिशेब मिटत नाही. हरलेल्या बाजूच्या गरीब माणसाला रात्री आपल्या घरात निर्धास्त झोपता येतं का, यावरून शांतता आली की नाही ते कळतं. ही कसोटी काहींनी त्या धामधुमीतही सोडली नव्हती. सुंदरलाल अहवालात एक नोंद आहे, आणि मागांच्या या सोलापूरने ती तरी ऐकावी. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदू जमावापासून वाचवलं आणि त्यापायी स्वतःचे जीव गमावले. माग एकाच गल्लीत असले, की सूत, रंग, उधारी सगळंच एकमेकांत गुंतलेलं असतं.