केसांची औषधे आणि कर्करोगाची शंका
(संस्थेच्या महोत्सवानिमित्त बेळगुंदी येथे भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



संस्थेच्या शिवणवर्गाशेजारी केशरचनेचा वर्ग सुरू झाल्यापासून आम्हां महिला समितीच्या सभासदांस एक प्रश्न वारंवार विचारण्यात येतो. कलपाने, किंवा केस सरळ करण्याच्या औषधाने, कर्करोग होतो काय? विचारणाऱ्यांत केस पिकलेल्या आया आहेत, तशाच बेळगावच्या पार्लरांत दिवसभर उभ्या राहून घराला हातभार लावणाऱ्या आपल्या मुलीही आहेत. होय किंवा नाही एवढ्यावर ह्याचे उत्तर संपत नाही, म्हणून आजवर काय तपासले गेले ते थोडक्यात सांगतो.

शंका जुनी आहे. १९७५ साली अमेरिकेत ब्रूस एम्स व त्यांचे सहकारी ह्यांनी १६९ पक्के कलप सूक्ष्म जंतूंवर तपासले. त्यांपैकी १५० कलपांनी जंतूंच्या आनुवंशिक द्रव्यात बदल घडविले. पण जंतूत घडते ते माणसात घडेलच असे नाही. त्यासाठी माणसांचीच मोजदाद करावी लागते.

ती अशी झाली. २००३ ते २००९ ह्या काळात अमेरिकेतील ५० हजारांहून अधिक स्त्रिया एका संशोधनात सामील झाल्या. प्रत्येकीच्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झालेला होता, तिला स्वतःला मात्र तो नव्हता. केसांना काय लावता, किती वेळा लावता, हे त्यांना आधी विचारून ठेवले आणि मग वर्षानुवर्षे त्यांची खबर घेतली. आधी विचारले ह्यातच सारे मर्म आहे. रोग झाल्यावर विचारले तर दुःखी मन कारण शोधतेच! २०१९ साली निष्कर्ष आला की पक्का कलप लावणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण शेकडा ९ ने अधिक होते. कृष्णवर्णीय स्त्रियांत तर ते ४५ ने अधिक होते. २०२२ साली गर्भाशयाच्या कर्करोगाचा हिशेब निघाला. केस सरळ करण्याचे औषध कधीच न वापरणाऱ्या शंभरजणींत सत्तरीपर्यंत सुमारे दोघींना, तर वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांत सुमारे चौघींना तो होतो, असा अंदाज आला. कलपाचा मात्र ह्या रोगाशी संबंध दिसला नाही.

उलट बाजूही ऐकावी. २०२० साली १,१७,२०० अमेरिकन परिचारिकांची ३६ वर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत पक्क्या कलपामुळे बहुतेक कर्करोगांत वाढ आढळली नाही. काही थोड्या प्रकारांत मात्र आढळली.

आमची खरी काळजी मुलींविषयी आहे. २००८ साली फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ठरविले की, घरी कलप लावणाऱ्यांविषयी निर्णय देण्याइतका पुरावा नाही. परंतु केशकर्तन व केशरचना हाच ज्यांचा धंदा, त्यांच्या बाबतीत तो धंदा बहुधा कर्करोगकारक आहे. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येते, मुलगी मात्र रोज त्याच वासात असते. केस सरळ करण्याची काही औषधे तापविली की फॉर्मॅल्डिहाइड वायू सुटतो, आणि त्याला त्याच संस्थेने २००४ साली कर्करोगकारक ठरविले आहे. म्हणून वर्गात हातमोजे आणि उघडी खिडकी ह्यांचा आग्रह आम्ही धरला. "बाई, मोज्यात केस हाताला लागत नाहीत," अशी तक्रार येते, येऊ द्या.

येथे एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. कलपाची धास्ती घेऊन संध्याकाळी मिश्रीचे बोट तोंडात घालणाऱ्या भगिनी आपल्यात आहेत. निपाणीची तंबाखू आपल्या घरची म्हणून ती सोसते असे नाही. तिच्याबद्दल आता शंका उरलेली नाही.

आता आपल्याविषयी. वर सांगितलेल्या साऱ्या स्त्रिया अमेरिकेच्या. आपल्याकडचा पाण्यात कालवायचा काळा कलप, रसायन मिसळलेली काळी मेंदी, वरून रोजचे तेल, ह्यांचा हिशेब त्यांच्या आकड्यांत कोठून येणार? आपल्या बायका संशोधनाला नवख्या नाहीत. २००२ ते २००५ मध्ये बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी ह्याच जिल्ह्यातील खेड्यांत १,६२० बाळंतिणींची पाहणी केली. मिसोप्रोस्टॉलची गोळी न मिळालेल्यांत अतिरक्तस्राव शेकडा १२ जणींना झाला, मिळालेल्यांत ६.४ जणींना. गावच्या नर्सबाईंनी दिलेल्या त्या साध्या गोळीची दखल जगाने घेतली. कर्करोगाची खेडोपाडी नोंद ठेवणेही अशक्य नाही. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला ती १९८७ पासून सुरू झाली.

म्हणून समितीने एक वही घातली आहे. वर्गातून बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलीचा क्रमांक, कामाला लागल्याचे वर्ष, कोणती औषधे हाताळते, आठवड्यातून किती वेळा, मोजे घालते की नाही, एवढेच तीत लिहावयाचे. नाव लिहावयाचे नाही. एका गावाच्या वहीवरून निष्कर्ष निघणार नाही, हे आम्ही जाणतो. पण बेळगावच्या डॉक्टरांकडे ही पाहणी मागावयास जाताना रिकाम्या हाताने जावयाचे नाही. वही शिक्षिकाबाईंच्या कपाटात आहे. ज्यांच्या मुली पार्लरांत आहेत त्या मातांनी मेळावा संपल्यावर त्यांना भेटावे.