तिसरा उमेदवार आणि मतांची फाटाफूट
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)

आज सातासमुद्रांपलीकडची गोष्ट सांगतों. कोणी म्हणेल, अमेरिकेचा अध्यक्ष कोण होतो याच्याशीं आमच्या नांगराचा न् भात्याचा काय संबंध? संबंध आहे. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती त्याच देशांतल्या, काळ्या लोकांची गुलामी मोडणाऱ्या भल्या माणसांस. तेव्हां त्या घराची खबर आपण घेतलीच पाहिजे.

तेथें मोठे पक्ष दोन, डेमोक्रॅट व रिपब्लिकन. दोघांनाही विटलेली माणसें पुष्कळ. मग एखादा धनिक उठतो आणि म्हणतो, “हे डावीकडे वाहवले, ते उजवीकडे वाहवले, मी मधला, मला मत द्या.” १९९२ सालीं टेक्ससचा रॉस पेरो असाच उभा राहिला. शंभरांतलीं जवळजवळ एकोणीस मतें त्याला पडलीं, म्हणजे एक कोटी सत्त्याण्णव लाख माणसें! आणि पदरांत काय पडलें? शून्य.

कां तें ऐका. तेथें लोकांच्या मतांची एकूण बेरीज करून अध्यक्ष ठरत नाहीं. राज्याराज्याला निर्वाचक नेमून दिलेले आहेत. सगळे मिळून ५३८. बहुतेक राज्यांत ज्याला सर्वांत अधिक मतें, त्याच्याच झोळींत त्या राज्याचे सारे निर्वाचक. दुसऱ्याला कांहीं नाहीं, तिसऱ्याला तर नाहींच नाहीं. २७० ज्याला, तो अध्यक्ष. पेरो सगळीकडे थोडाथोडा होता, पण एकाही राज्यांत पहिला नव्हता. शेरभर तूप साऱ्या गांवाच्या भाकरींना चोपडावें, तसें झालें.

बुश पडले, क्लिंटन शेंकडा ४३ मतांवर निवडून आले. पेरोनें आमचें घर फोडलें, अशी बुशच्या लोकांनीं ओरड केली. पण मत देऊन बाहेर पडणाऱ्यांस विचारलें, तेव्हां पेरोचीं माणसें दोन्हींकडे सारखींच वांटलीं गेलीं असतीं असें दिसलें. पडलेल्याचें रडगाणें एकदम खरें मानूं नये. आपल्या गांवींही तो भाऊबंदांच्याच नांवानें बोटें मोडतो. २००० सालची गोष्ट मात्र निराळी. फ्लॉरिडांत निकाल ५३७ मतांनीं लागला, आणि तेथें तिसऱ्याला, राल्फ नेडरला, सत्त्याण्णव हजारांवर मतें होतीं. तो मधला नव्हे, चांगला डावा. पण त्याचीं थोडीं मतें गोरकडे वळतीं तर अध्यक्ष बदलता.

आणखी एक मेख आहे. २७० कोणालाच न मिळाले तर निवड प्रतिनिधिसभेकडे जाते, आणि तेथें माणशीं मत नाहीं, राज्याला एक मत. कॅलिफोर्नियाएवढ्या अफाट राज्याला एक, आणि चिमुकल्या वायोमिंगलाही एकच! १८२४ सालीं जॅक्सनचे निर्वाचक ९९, अ‍ॅडम्सचे ८४. तरी सभेनें गादी दिली अ‍ॅडम्सला. न्यूयॉर्कचे माजी महापौर ब्लूमबर्ग यांनीं २०१६ सालीं हाच हिशेब मांडला आणि ते उभे राहिले नाहींत. २०१९ च्या जानेवारींत कॉफीच्या दुकानांवर गबर झालेले हॉवर्ड शुल्ट्झ स्वतंत्र उभें राहण्याचें बोलूं लागले. डेमोक्रॅटांनीं गिल्ला केला, “तुम्ही ट्रंपला निवडून द्याल!” सप्टेंबरांत तेही घरीं बसले.

शुल्ट्झविषयीं मला कांहीं कळवळा नाहीं. पण “उभे राहूं नका, मतें फुटतील” हें वाक्य आपल्या लोकांनीं फार ऐकलें आहे. मोठ्या वाड्यांतून तें हरघडी येतें. उद्यां आपला सुतार, कुंभार उभा राहिला तर त्यालाही हेंच ऐकवतील. मग उमेदवाराचें तोंड दाबावें, कीं मत मोजण्याची रीत बदलावी?

रीत बदलतां येते. आपल्या राष्ट्रपतीच्या निवडणुकींत आमदार-खासदार एकच खूण करीत नाहींत. पहिली पसंती, दुसरी पसंती असा क्रम लिहितात. १९६९ सालीं पहिल्या मोजणींत कोणालाच निम्म्याहून अधिक मतें मिळालीं नाहींत. व्ही. व्ही. गिरी स्वतंत्र उभे होते, ते पुढें. संजीव रेड्डी दुसरे. आपले चिंतामणराव देशमुख तिसरे. देशमुखांना १,१२,७६९ मूल्याचीं मतें. तीं केरांत गेलीं नाहींत. मतपत्रिका पुन्हां उघडल्या, पुढची पसंती पाहिली, आणि गिरी ४,२०,०७७ वर पोंचून जिंकले. रेड्डी ४,०५,४२७ वर राहिले.

अमेरिकेंत मेन राज्यानें २०२० सालीं अध्यक्षाच्या निवडणुकीला अशीच क्रमाची रीत लावली, २०२४ सालीं अलास्कानेंही. बहुतेक राज्यांत मात्र अजून खूण एकच.